किती तास ठेवणार ते लिहून द्या

ताईच्या घरी कासारवडवलीला एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला माझ्या भाच्याने, वय वर्षं दोन, आजीच्या उशाशी ठेवलेल्या डब्यातली शुगरची गोळी तोंडात टाकली. एक टाकली का दोन ते आजपर्यंत कळलेलं नाही, कारण स्ट्रिप आधीच अर्धी कापलेली, आणि आजींना स्वतः सकाळची घेतली होती का नाही तेच आठवेना, मग हिशोब लागणार कसा. ताईने घाबरून आधी त्याला मीठपाणी पाजायला घेतलं होतं, शेजारच्या काकूंनी थांबवलं म्हणून बरं झालं. तसेच रिक्षात घालून घोडबंदर रोडवरच्याच एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. बोटाला टोचून शुगर बघितली, ९६, म्हणजे नॉर्मल. पोरगं मस्त, बेडच्या दांड्याला लोंबकळतंय, सिस्टरच्या गळ्यातलं आयकार्ड ओढतंय. आणि ड्युटीवरचा पोरसवदा डॉक्टर म्हणतोय की उद्या संध्याकाळपर्यंत ठेवावं लागेल, दर तासाला शुगर बघावी लागेल.

खरं सांगायचं तर आम्ही तिघं मोठी माणसं त्याच्याशी भांडलो. भावजी म्हणाले, "अहो डॉक्टर, बघताय ना, उड्या मारतोय तो. काय ठेवायचंय त्याला?" तो म्हणाला, "दादा, ह्या गोळीचं असंच असतं, आत्ता दिसत नाही." मी मनात म्हटलं, झालं, बिल वाढवायचा धंदा सुरू. भावजी डामा घ्यायला तयार होते, म्हणजे आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो अशी सही करून घरी. शेवटी राहिलो ते काही आमच्या शहाणपणामुळे नाही. बाहेर धो धो पाऊस, घोडबंदरला जड वाहनांची रांग लागलेली, आणि ताई म्हणाली की घरी नेला आणि रात्री काही झालं तर ह्या ट्रॅफिकमधून परत आणायचा कसा. तेवढ्या एका वाक्यावर थांबलो.

पहाटे पावणेतीनला शुगर ४१. पोरगं झोपलेलं होतं. नुसतं झोपलेलं. कपाळावर थोडा घाम, तेवढंच. घरी असतो तर त्याच्यावर पांघरूण घालून पंखा वाढवला असता आणि आम्हीही झोपलो असतो. सलाइनमधून ग्लुकोज दिलं, तेवढ्यापुरती वर आली, परत उतरली, मग दुसरं इंजेक्शन आलं, ऑक्ट्रिओटाइड नावाचं, आणि सोमवारी सकाळी सोडलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, आणि जेवढं वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारलं, तेवढं एक मत पक्कं होत गेलं. औषध चुकून जास्त गेलं की माणूस कसा दिसतोय ह्यावर घरी जायचं का नाही ते ठरवायचं नाही, ते त्या औषधाच्या घड्याळावर ठरतं. आणि हे घड्याळ आपल्याकडे कोणीच पाळू देत नाही, घरचे नाही, हॉस्पिटलं नाहीत, आणि मेडिक्लेमवाले तर नाहीतच.

आता शुगरच्या ज्या गोळीबद्दल बोलतोय, ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड ह्या जातीच्या गोळ्या, त्या स्वादुपिंडाला सांगतात की इन्सुलिन सोड. मोठ्या माणसाला दिवसभर पुरेल अशा बेताने बनवलेली गोळी दहा-बारा किलोच्या पोरात गेली की एक गोळीसुद्धा जड पडू शकते. पोर जागं आहे, बिस्किटं खातंय, दूध पितंय तोवर शुगर टिकून राहते. रात्री झोपलं, सहा-सात तास पोटात काही नाही, की मग घसरते. म्हणजे संध्याकाळी उड्या मारणं हे काही औषध चढलं नाही ह्याचं सर्टिफिकेट नव्हतंच, ते पोटात असलेल्या पार्ले-जीचं सर्टिफिकेट होतं.

आपल्या डोक्यात विष म्हणजे ते सिनेमातलं, प्याला आणि कोसळला. नाहीतर ढेकणाचं औषध, उंदराचं औषध, तोंडाला फेस. गोळ्यांचं बऱ्याचदा वरून कीर्तन आतून तमाशा असतं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोळी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, पॅरासिटामॉल. प्रिस्क्रिप्शनवर येते आणि प्रिस्क्रिप्शनशिवायही येते, डोलो म्हणा क्रोसिन म्हणा, आणि दाढदुखीच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या दहा कॉम्बिनेशन गोळ्यांत लपूनही येते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं तेच झालं. दाढ दुखत होती, डेंटिस्टने दिलेली गोळी चालू, त्यात पॅरासिटामॉल. दुखणं थांबेना म्हणून घरातली ६५० मध्येमध्ये. त्यात सर्दी झाली म्हणून केमिस्टने दिलेली सर्दीची गोळी, त्यातही तेच. तीन वेगवेगळी नावं, तीन वेगवेगळे रंग, काकांच्या हिशोबाने तीन वेगवेगळी औषधं. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्या झाल्या की संपला कोटा, आणि रोज दारू घेणाऱ्याला, लिव्हर आधीच नाजूक असलेल्याला किंवा नीट जेवण जात नसलेल्याला त्याहूनही कमी. काका दाढेमुळे जेवतच नव्हते. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, ॲसिडिटी म्हणून दोन दिवस काढले, मग डोळे पिवळे दिसले तेव्हा कुठे रक्त तपासलं, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला किती इजा झालीय ते सांगणारा आकडा, तीन हजारांच्या वर. वाचले. पण सव्वीस दिवस घरी आले नव्हते.

ह्याच्या आत काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. पॅरासिटामॉल लिव्हरमध्ये मोडताना त्याचा थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. एरवी लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्या पदार्थाला जागेवर निकामी करतं, आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही. गोळ्या जास्त झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मग तो पदार्थ लिव्हरच्या पेशींनाच धरतो. एकदम जास्त डोस गेला असेल तर पहिल्या २४ तासांत थोडी मळमळ, किंवा तेही नाही. दुसऱ्या दिवशी उलट बरं वाटतं, आणि नेमके त्याच वेळी रक्तातले लिव्हरचे आकडे चढायला लागलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस. आणि चीड येते ती ह्याची की ह्याला उतारा आहे, तोही काही परदेशातून मागवायचा नाही, एन-ॲसिटिलसिस्टीन, छातीतला कफ पातळ करायला देतात तेच औषध. पहिल्या ८ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ हमखास वाचतं, उशिरा दिलं तरी उपयोग होतो पण मग खात्री कमी कमी होत जाते. म्हणजे ज्या तासांत माणूस ठणठणीत दिसतोय तेच तास कामाचे, आणि आपण ते तास "काही होत नाहीये ना, मग सकाळी बघू" म्हणून घालवतो.

लोहाच्या गोळ्यांचं अजून वेगळं. सरकारी योजनेत गरोदर बायकांना मिळतात त्या लाल, शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना निळ्या, लहान शाळकरी पोरांना गुलाबी. पोरांना त्या जेम्सच्या गोळ्या वाटल्या तर दोष कोणाचा. खूप खाल्ल्या तर आधी उलट्या, जुलाब, मग काही तासांनी पोर शांत होतं, सगळे म्हणतात चला पडून गेलं सगळं, आणि तो शांत काळ संपला की शॉक आणि लिव्हरचं दुखणं. ज्या बीपीच्या, हृदयाच्या गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी शेपटी असते त्या मुळातच सावकाश विरघळायला बनवलेल्या, मग त्यांचं विषही सावकाशच चढणार. (आजोबांना गिळता येत नाही म्हणून ह्याच गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देणारी घरं मी बघितलीयेत. तिथे उलटं होतं, दिवसभराचा डोस एका घोटात.)

आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, एकदाच. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या बहुतेकदा लहान, पिवळट. म्हातारं माणूस, चष्मा घरभर शोधणारं, मुलं सानपाड्याला नाहीतर सिॲटलला, आणि चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं. रोजची समजून घेतली तर पहिल्या दोन-चार दिवसांत काहीच कळत नाही, मग तोंड येतं, लोक बी-कॉम्प्लेक्स देतात, मग ताप, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली गेलेल्या सापडतात. हे जगभर इतक्यांदा झालंय की युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये ह्या एका चुकीसाठी वेगळे नियम सुचवले, पाकिटावर ठळक सूचना, गोळ्या बाटलीत नको तर पट्टीत. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो आणि नेमका नावाचा तुकडा स्वतःकडे ठेवतो.

कापलेल्या पट्टीवर मी वेगळा लेख लिहू शकतो इतका राग आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टरचा पहिला प्रश्न "काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं" हाच असतो आणि आपण हातात चार गोळ्यांचा बिननावाचा चंदेरी तुकडा घेऊन उभे. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, छान झालं, पण तो कोडही कात्रीच्या कुठल्या बाजूला जातो ते नशिबावर.

बरं, पोट धुणं. आपल्याकडे अजूनही अशी समजूत आहे की नाकातून नळी घातली, पोट धुतलं, पाणी स्वच्छ आलं, की विषय संपला. नळी घातली नाही तर नातेवाईक भडकतात की काहीच केलं नाही. खरं म्हणजे विषतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना १९९७ पासून सांगतायत की सरसकट पोट धुऊ नका, पहिल्या तासाभरानंतर हाती फारसं लागत नाही आणि छातीत पाणी जायचा धोका वेगळाच. घरी मीठपाणी पाजून उलटी काढणं तर त्याहून वाईट, लहान पोरात मिठानेच जीव जाऊ शकतो. पण नळी दिसते, मीठपाणी दिसतं, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आणि दर तासाला बोट टोचून आकडा लिहिणं, चार तासांनी रक्त घेणं, ईसीजीच्या मशिनशेजारी नुसतं बसून राहणं, ह्याला आपण उपचार मानायलाच तयार नाही. "नुसतं ठेवलंय, करत काहीच नाहीयेत" हे वाक्य मी त्या रात्री स्वतः फोनवर दोन जणांना बोललोय.

आता ह्यावर लोक म्हणतील, आणि माझ्या भावजींनी म्हटलंच, की ही सगळी खाजगी हॉस्पिटलवाल्यांची बाजू झाली. ह्या आक्षेपाला मी हलक्यात घेत नाही, कारण तो खरा आहे. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्या कुठल्याही माणसाकडे अशी एक गोष्ट असते, साधा डेंग्यू आणि पाच दिवस आयसीयू, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी अचानक निघालेली एक सोनोग्राफी. हा अविश्वास हवेतून आलेला नाही, तो बिलांमधून आलाय. पण त्याचा परिणाम असा झालाय की जिथे खरंच थांबायला हवं तिथेही आपण डॉक्टरला चोर समजतो, आणि तो बिचारा पंचविशीतला पोरगा, घरच्यांची मारहाण नको म्हणून, गुपचूप डामाचा कागद पुढे करतो. सही झाली, तो सुटला. पोर मात्र घरी जाऊन झोपलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निरीक्षणासाठी ठेवताय ना, ठेवा, पण एका कागदावर मराठीत लिहून द्या. औषध कुठलं, त्याचा त्रास कधीपर्यंत दिसू शकतो, म्हणून किती वाजेपर्यंत ठेवणार, मध्ये कुठली तपासणी किती वाजता, आणि काय आलं तर सोडणार. चार ओळी. आमच्या डॉक्टरने रात्री नऊला हेच केलं होतं, माझ्या चिडचिडीला कंटाळून केसपेपरच्या मागे लिहून दिलं, की उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत, दर तासाला शुगर, रात्रीची झोप इथेच, आणि मध्ये एकदाही ग्लुकोज लागलं तर शेवटच्या ग्लुकोजपासून घड्याळ नव्याने सुरू. वाचलं आणि माझा निम्मा राग गेला, कारण शेवटची वेळ लिहिलेली होती. बिल फुगवणारा माणूस शेवटची वेळ लिहून देत नाही, आणि ज्याला खरंच माहितीये त्याला लिहायला दोन मिनिटं लागतात. एखाद्या छोट्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरला त्या औषधाचं गणित पाठ नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालू आहे, २४ तास, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, डॉक्टरांनाही सांगतात आणि घरच्यांनाही. दर कॅज्युअल्टीत आणि दर मेडिकलच्या काउंटरवर हा नंबर चिकटवायला महापालिकेला किती खर्च येईल? सोसायटीच्या लिफ्टमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर असतो, हा नसतो.

ज्यांना खाजगीचा एक दिवसाचा खर्चही झेपत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल, सिव्हिल, वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं, तिथे खाटांसाठी आधीच रांग, आणि ठणठणीत दिसणाऱ्या पेशंटला खाट देणं म्हणजे विव्हळणाऱ्याला जमिनीवर ठेवणं असं तिथल्या डॉक्टरला वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ह्या पेशंटला आयसीयू लागतंच असं नाही. चार-सहा खाटा, एक मॉनिटर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि जागी राहणारी एक सिस्टर, अशी वेगळी खोली मोठ्या हॉस्पिटलांत करता येते, आणि नंतर लिव्हर किंवा मेंदू वाचवायला जो खर्च येतो त्यापुढे हा काहीच नाही.

मेडिक्लेमवर येतो. आपल्या जवळजवळ सगळ्या पॉलिसींमध्ये एक ठरावीक अपवाद छापलेला असतो, मुख्यतः तपासणी आणि मूल्यमापनासाठी ॲडमिट झालात तर पैसे नाहीत. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या यादीतलाच अपवाद आहे तो, आणि त्यामागचं कारणही मला पटतं, लोक फुल बॉडी चेकअप ॲडमिट होऊन करून घ्यायचे. पण विषबाधेच्या पेशंटला ह्याच कलमात बसवलं की काय होतं बघा. भाच्याची शुगर रात्री पडली म्हणून ग्लुकोज लागलं, म्हणून निदान उपचार तरी झाला असं म्हणता येतं. पडली नसती, चोवीस तास नीट गेले असते, तर "ॲक्टिव्ह ट्रीटमेंट दिसत नाही" असा शेरा आला असता. म्हणजे पोर आजारी पडलं तर पैसे, नाही पडलं तर तुमचे तुम्ही भरा. मग मध्यमवर्गीय बाप रात्री नऊला कॅज्युअल्टीत उभा राहून काय हिशोब करणार? विषाची परीक्षाच बघणार. औषधाच्या ओव्हरडोसनंतर लेखी दिलेले तास हे उपचार धरायचे, एवढी एक ओळ नियामकाने टाकली तर किती तरी सह्या थांबतील. कॅशलेसला एका तासात उत्तर द्यायचं असं २०२४ मध्ये ठरवून दिलंच ना, मग हेही जमेल.

एका गोष्टीबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात ती म्हणजे मुद्दाम घेतलेल्या गोळ्या. परीक्षेचा निकाल, घरातलं भांडण, कर्ज. दोन तासांनी त्याच माणसाला पश्चात्ताप होतो, तो चालतोय, बोलतोय, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतोय. घरचे म्हणतात जाऊ दे, झोपू दे, सकाळी बोलू, कॅज्युअल्टीत नेलं तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस होणार, पोलीस येणार, पोरीचं लग्न, पोराची नोकरी. एमएलसीची नोंद होते हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू, त्याच्या ११५व्या कलमाप्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरूनच चालायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. म्हणजे ज्या भीतीने आपण कामाचे तास घालवतो ती भीती बऱ्याच अंशी जुन्या कायद्याची आहे. पोलीस नोंद म्हणजे काय आणि काय नाही हे त्याच चार ओळींच्या कागदावर पाचव्या ओळीत यावं, आणि सहाव्या ओळीत टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, कारण जगायचं ठरवून परत आलेल्या माणसाला लिव्हरच्या डॉक्टरइतकीच त्याचीही गरज असते. अशा वेळी घरच्यांनी फक्त दोन गोष्टी कराव्यात, १०८ ला फोन किंवा सरळ गाडीत घालून नेणं, आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत भरून सोबत नेणं. बरा दिसत असला तरी. दिसत असताना तर नक्कीच.

आमच्याकडे आता आजींच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या खणात कुलपात आहेत, आणि त्यावरून सासू-सुनेचं आठवड्यातून एकदा वाजतं, कारण आजींना प्रत्येक वेळी किल्ली मागावी लागते. बाजू दोघींची बरोबर आहे. क्लेमचं म्हणाल तर पहिल्यांदा "निरीक्षणासाठी दाखल" असं म्हणून परत आला, दुसऱ्यांदा भावजींनी त्याला केसपेपरच्या मागची ती चिठ्ठी जोडलीय, उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत असं लिहिलेली. उत्तर अजून आलेलं नाही.